टेंब्यांचा सहा भोकांचा डबा

टेंबे पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि अर्ध्या तासाच्या आत माझ्या चिवड्याच्या डब्यावर उभे राहिले.

विचारलं नव्हतं असं नाही. "वहिनी, जरा उभा राहू?" असं त्यांनी अगदी अदबीनं विचारलं होतं. मला वाटलं, आमच्या सोफ्यात रुतून पाय आखडले असतील. मी म्हटलं, राहा की. तर या गृहस्थांनी टीपॉयवरचा अॅल्युमिनियमचा डबा उचलला, कानाशी धरून त्यावर दोन टिचक्या मारल्या, तो जमिनीवर ठेवला आणि सरळ त्याच्यावर चढले. आत पावशेर चिवडा होता. झाकण कण्हलं आणि मधोमध खाली बसलं. टेंबे उतरले, वाकून पाहिलं, म्हणाले, "रिजेक्ट." मग परत सोफ्यावर बसून त्याच डब्यातला चिवडा खाऊ लागले.

तेव्हा आम्ही गुडगावात नुकतेच राहायला आलो होतो. सोसायटी नवी, लिफ्टच्या दाराला अजून फळ्या ठोकलेल्या. गच्चीतून मोहरीची शेतं दिसत आणि त्या शेतांत दर आठवड्याला बिल्डरची एक नवी पाटी उगवलेली असे. वरच्या मजल्यावर मराठी माणूस आलाय असं कळल्यावर सुधीर, म्हणजे माझा नवरा, धावत जाऊन त्याला चहाला बोलावून आला. आधी चौकशी करावी हे त्याला सुचलं नाही. त्याला कधीच सुचत नाही.

टेंबे मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि दिवसभर ते लोकांनी केलेल्या वस्तू नाकारायचे. ती सवय घरी आल्यावर सुटत नसे. भाजीच्या गाडीवरची भेंडी रिजेक्ट, सोसायटीचं नवं फाटक रिजेक्ट, माझ्या भाचीला आलेलं स्थळ, ज्याचा नुसता फोटो त्यांना दाखवला होता, तेही रिजेक्ट. "खांदा एका बाजूला उतरलाय, वहिनी. पुढे त्रास देईल." शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, तसा हे व्हर्निअर लावत. जाडी मोजायचं ते लोखंडी चिमट्यासारखं असतं ना, ते. त्यांची बायको बँकेत होती आणि तिची बदली भोपाळला झालेली, त्यामुळे त्यांच्या खिशात काय असावं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.

आता डब्यांचं प्रकरण सांगते.

त्यांची मुलगी गौरी दिल्लीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. हॉस्टेलवर राहायची, इलेक्ट्रॉनिक्स शिकायची आणि कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. गिटारवाल्यांना म्हणे पायाशी एक लहानसं यंत्र लागतं, त्याला पेडल म्हणतात. गिटारची तार त्यात जाते, पायानं बटण दाबलं की इतका वेळ गोड वाजणारी गिटार घसा फुटल्यासारखी ओरडायला लागते. हे लोकांना आवडतं. असली पेडलं तेव्हा परदेशातून कुणाच्या बॅगेतून आली तरच मिळत. गौरीनं आतलं सर्किट स्वतःच जोडून काढलं. राहिला फक्त डबा. आणि बाबा मानेसरला धातूतच असतात, तर डबा बाबा करतील, असं ठरलं.

पहिल्यांदा तिनं ते सर्किट साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं होतं. बँडची तालीम ऐन रंगात आली असताना त्या डबीनं रेडिओ पकडला आणि स्पीकरमधून एक गंभीर बाई "किसान भाइयों" म्हणून गव्हावरच्या रोगाची माहिती देऊ लागली. ड्रमवाला सरदार मुलगा शेतकऱ्यांच्या घरातला. त्यानं वाजवणं थांबवून सगळं लिहून घेतलं. तेव्हापासून डबा धातूचाच हवा हे नक्की झालं, म्हणजे बाहेरच्या लहरी आत शिरत नाहीत.

डब्याला भोकं पाडायची होती एकूण सहा. दोन बाजूंना तारांची दोन, वर आवाज कमीजास्त करायच्या दोन खुंट्यांची, एक पायानं दाबायच्या बटणाचं आणि एक एवढ्याशा लाल दिव्याचं. सहा भोकं! आमच्या घरी पडदे लावायला आलेल्या माणसानं चहा गार व्हायच्या आत भिंतीला बारा पाडली होती. टेंब्यांचे आठ महिने झाले तरी एकही पडलं नव्हतं.

"भोक एकदाच पडतं, वहिनी," ते म्हणत. दिवसातून किमान तीनदा म्हणत. "कापड उसवता येतं, लिहिलेलं खोडता येतं. भोक बुजवता येत नाही."

त्यामुळे आधी डबा योग्य हवा. पत्रा पातळ असला तर पायाखाली चेपतो, जाड असला तर खुंट्या आरपार पोचत नाहीत. कारखान्यात अॅल्युमिनियमचे ओतीव डबे पायलीला पन्नास पडलेले असत, पण कंपनीतली टाचणीही घरी आणायची नाही हा त्यांचा नेम. म्हणून ते जुन्या गुडगावातल्या कबाड्यांकडे जात. तिथून टॅक्सीच्या मीटरचं कवच आणलं, टेलिफोनखात्यानं टाकून दिलेली पेटी आणली, बंद पडलेल्या स्टॅबिलायझरचा सांगाडा आणला. प्रत्येकाला टिचकी, मग व्हर्निअर, मग त्यावर कारखान्याचे जाड बूट घालून उभं राहणं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दारात बिचारे गौरीचा निरोप द्यायला म्हणून आले आणि माझा चांदीचा करंडा उचलून टिचकी मारून गेले. सात बायका बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, करंड्यावर पाय ठेवलात तर तुम्हाला मी रिजेक्ट करीन.

एकदा सुधीर त्यांना दिल्लीत एका सरकारी अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये थालीपीठ खायला घेऊन गेला. थालीपीठ यायच्या आधी टेंब्यांनी टेबलावरची स्टीलची साखरेची डबी रिकामी केली, तिच्या कडेला व्हर्निअर लावला आणि आकडा वहीत लिहिला. शेजारच्या टेबलावर नांदेडकडची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं बसली होती. त्यातला एक उठून उभा राहिला. "सर, आपण फूड इन्स्पेक्टर आहात का?" टेंबे डबीतून डोळा न काढता म्हणाले, "मी क्वालिटीचा आहे." झालं. थालीपिठावर लोण्याचा गोळा दुप्पट आला, मॅनेजर स्वतः ताक घेऊन आला आणि त्या तीन मुलांनी, ही पोस्ट कोणत्या परीक्षेतून भरतात, असं विचारून घेतलं.

दर रविवारी गौरी दोन बस बदलून गिटारसकट यायची. नोकरी तिला आधीच लागलेली होती, बंगलोरला. जुलैत जायचं होतं. म्हणजे डबा त्याच्या आत व्हायला हवा होता. तोवर कुणाचं तरी उसनं पेडल वापरते असं ती सांगे. रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर त्या आठवड्याचा डबा ठेवायचा आणि बापलेकींनी अर्ध्या मिलिमीटरवरून भांडायचं, हा कार्यक्रम.

"बाबा यार, दिवा इथेच बिल्कुल ठीक आहे. चलो ना, पाड आता."

"कानस दे आधी. कडा बघ कशी आहे."

"कानस म्हणजे? अच्छा, ती घासायची रेती?"

"रेती नाही, कानस. आपली भाषा बोल. आणि दिवा दोन मिलिमीटर वर."

मी गणिताची मास्तरीण. मला उत्तर आलं की वही मिटायची सवय. मी त्या पोरीची बाजू घेऊन टेंब्यांशी कडकडून भांडत असे. अहो, एकदाचं पाडा ते भोक, पोरीच्या आयुष्याचे रविवार चाललेत तुमच्या दिव्यापायी! टेंबे ऐकून घेत आणि डब्याला टिचकी मारत.

शेवटी मार्चमधल्या एका रविवारी ते खाली येऊन म्हणाले, "वहिनी, आज. डबा पास झाला." आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. एका कबाड्याकडे मिळालेली जाड अॅल्युमिनियमची, स्क्रूच्या झाकणाची ती पेटी खरोखरच देखणी होती. तळमजल्यावरच्या निवृत्त कर्नलसाहेबांनी सोसायटीत ड्रिलिंगला रविवारी अकरा ते एक एवढीच वेळ ठरवून दिली होती. बरोबर अकराला टेंब्यांनी देवाला नमस्कार करतात तसा ड्रिल मशीनला केला. गौरी आतल्या खोलीत गिटारच्या तारा जुळवत होती. मला वर नेऊन, मदतीला धरून रॉकेलची वाटी हातात दिली होती. अॅल्युमिनियमला भोक पाडताना थेंब थेंब रॉकेल सोडायचं, नाहीतर ड्रिल अडकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सहा भोकं वीस मिनिटांत पडली. इतकी गोल, इतकी साफ की मी टाळ्या वाजवल्या. कर्नलसाहेबांनी खालून काठीनं जिन्याचा कठडा ठोकला.

मग गौरी आली, तिनं डबा उलटसुलट केला आणि तिचा चेहरा पडला. सगळं उलटं झालं होतं. दिवा उजवीकडे हवा तो डावीकडे, तार जिथून आत जायची तिथून बाहेर पडणार. भोकांच्या खुणांचा कागद टेंब्यांनी डब्याच्या बाहेरून चिकटवायच्या ऐवजी आतून चिकटवला होता आणि आतूनच भोकं पाडली होती.

"रिजेक्ट," टेंबे हळूच म्हणाले. "माझीच चूक. नवा डबा बघावा लागेल."

गौरी आत गेली. मी चिडून तो कागद खरवडून काढायला घेतला आणि थबकले. कागदावर टेंब्यांच्याच अक्षरात, लाल शाईनं, दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: ही बाजू बाहेर.

दहा वेळा तपासून अकराव्यांदा नाकारणारा हा माणूस. मी कागद घेऊन त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ते कुकर लावत होते.

"टेंबे, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

त्यांनी कुकरचं झाकण नीट बसलंय का ते तीनदा पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, डबा झाला की ती रविवारी कशाला येईल? मला गाण्यातलं काही कळत नाही. तिची आई इथे असती तर दोघी बोलल्या असत्या. माझ्याशी ती बोलणार काय? ही सहा भोकं तेवढी आमच्या दोघांत आहेत." आणि दही संपलंय असं पुटपुटत, पायात चपला अडकवून ते खाली निघून गेले.

मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. खरं सांगते, मला त्यांचा रागही आला आणि कीवही. ठरवलं, या पोरीला सांगून टाकायचं. तेवढ्यात तीच आली.

"काकू, एक दाखवू? बाबाला सांगू नका हं."

तिनं गिटारच्या पिशवीतून एक डबा काढला. चकचकीत पत्र्याचा, सहा भोकांचा, दिवा उजवीकडे, वरच्या बाजूला बुटाच्या घासण्यानं पडलेले ओरखडे.

"सप्टेंबरमध्येच केला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. चाळीस मिनिटं लागली."

"आणि ते उसनं पेडल?"

"उसनं वगैरे काही नाही. हेच आहे."

"अगं, मग दर रविवारी दोन बस बदलून कशाला येतेस?"

"नुसती आले ना काकू, तर बाबा विचारतो, जेवलीस का? आणि टीव्ही लावतो. बस. डबा असला की चार-चार तास बोलतो. आजीबद्दल सांगतो, सांगलीबद्दल सांगतो, त्याच्या पहिल्या नोकरीबद्दल सांगतो." ती डबा परत पिशवीत कोंबू लागली. "आज तो कागद आतून चिकटवत होता ते मी दारातून पाहिलं. टोकणार होते. मग म्हटलं, जाऊ दे, अजून थोडे रविवार मिळतील. तसं तर उलटं झालं तरी चालतं, आतल्या तारा फिरवल्या की झालं. दहा मिनिटांचं काम."

जिन्यावर टेंब्यांच्या चपला वाजल्या तशी तिनं पिशवीची चेन ओढली आणि पुन्हा रडवेला चेहरा करून बसली. फार छान करते.

जेवायला त्यांनी मलाही बसवलं. खिचडी, दही आणि भाजलेला पापड. टेंब्यांनी सगळ्यांना वाढलं. मग गौरी म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी तरी नक्की ना?"

टेंब्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही गणिताच्या. तुम्हीच सांगा. एका रविवारात होईल?"

आता गौरीही माझ्याकडे पाहत होती. दोघांचे डोळे अगदी सारखे आहेत, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. मी पाण्याचा एक घोट घेतला.

"एका रविवारात?" मी म्हटलं. "छे! नुसता डबा शोधायलाच तीन जातील. मग तो पास व्हायला दोन. आखणीला दोन, ती पुन्हा तपासायला एक. दिव्याची जागा ठरायला दोन तरी धराच." एका हाताची बोटं संपली, मग दुसऱ्या हाताची. मी पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली, मोजत मोजत जूनच्या शेवटच्या रविवारावर आले आणि तिथे थांबले.

"इतके?" गौरी म्हणाली.

"इतके तर लागतीलच," टेंबे म्हणाले आणि त्यांनी तिच्या पानात आणखी दही वाढलं.