सुर्वेकाकांची ओरोमो चौकशी

तुमच्या तोंडात घास असताना "काय, जेवताय का?" असं विचारणारा माणूस शारजात एकच. आमचे सुर्वेकाका. इथल्या रोल्ला भागात त्यांची खानावळ आहे, मी सहा वर्षं तिथेच जेवतो. हात धुताना दिसलात की "काय, हात धुताय का?" आधी वैताग यायचा. अहो, दिसतंय ना! काका म्हणायचे, दिसतंय म्हणून विचारू नये असं कुठे लिहिलंय?

पोळ्या लाटायला लेन्सा आली आणि काकांची पंचाईत झाली. ती इथिओपियाची, भाषा ओरोमो, मराठीचा गंध नाही. मोडकंतोडकं इंग्रजी दोघांनाही यायचं, पण इंग्रजीत विचारलं की काकांना आपण इन्स्पेक्शनला आल्यासारखं वाटे. मग तिलाच गुरू केलं. वहीत डावीकडे "आर यू ईटिंग?", उजवीकडे "न्याचा जिर्ता?" "व्हॉट आर यू डूइंग?" म्हणजे "माल गोचा जिर्ता?" साठीच्या घरातला माणूस, पण घोकंपट्टी अशी की मला माझी लाज वाटली. फक्त आत्ता चाललेल्या कामाचे प्रश्न शिकले. काल काय केलं, उद्या काय करणार, ते सगळं बाद. आणि उत्तरं? एकही नाही.

"उत्तर ती देईल की," म्हणाले. "आपण विचारायचं."

महिन्याभरात गप्प गप्प असणारी लेन्सा पोळ्या लाटता लाटता बडबडायला लागली. मानलं बुवा.

मग तिच्या आईनं धोशा लावला, परत ये. गावात कुणीतरी आखातातल्या मुलींच्या हालअपेष्टा रंगवून सांगितल्या होत्या. लेन्साला राहायचं होतं, धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्यावर होतं. आई म्हणाली, मालकाला बघितल्याशिवाय मी ऐकायची नाही.

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर व्हिडिओ कॉल लागला. काका इस्त्रीच्या शर्टात. वडीलधाऱ्यांना "जिर्ता" नाही, "जिर्तू" म्हणायचं, हे लेन्सानं दहादा बजावलेलं. पडद्यावर एक बाई चुलीशी कॉफी उकळत बसल्या होत्या, चेहरा कडक. आता काका खोलीचं, सुट्टीचं काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघतोय. काकांनी नीट निरखून विचारलं, "बुना दन्फिसा जिर्तू?" काय, कॉफी उकळताय का?

मी कपाळावर हात मारला. बाई आधी बघतच राहिल्या, मग हसल्या आणि जे बोलायला लागल्या ते दहा मिनिटं. काकांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी मनापासून मान डोलवत होते. लेन्सानं डोळे पुसत इंग्रजीत सांगितलं, आई राहा म्हणतेय. आणि विचारतेय, तुम्ही इकडे आलात तेव्हा तुमच्या आईचं असं कुणाशी बोलणं झालं होतं का?

काका माझ्याकडे वळले. "अरे, तू सांग हिला, माझं इंग्रजी तेवढं नाही. माझ्या आईला इथलं कुणी कधी भेटलंच नाही. मी इकडे बरा आहे, यावर शेवटपर्यंत तिचा विश्वास बसला नाही."

मी रोज ऑफिसात वीस-वीस मेल इंग्रजीत लिहितो. तेवढी दोन वाक्यं मला सांगता आली नाहीत.