दोन हजार पंच्याहत्तर सालचे अण्णा

आमच्या शेजारच्या अण्णा सामंतांना उद्या काय होणार ते विचारू नये. चिडतात. पन्नास वर्षांनी काय होणार ते विचारा, लगेच बसायला खुर्ची देतात.

जागतिक अर्थव्यवस्था हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर कोणी देवदेव करतो, अण्णांनी अख्खं जग घेतलं. "जवळचो आकडो लबाड रे, लांबचो सरळ चलता," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लोकसंख्या, भांडवल, उत्पादकता सुरू झालं की माझ्या डोक्यात नुसता चिखल होतो. मी काजूवाला माणूस. एकदा भीतभीत विचारलं, "अण्णांनू, औंदा काजीचो दर काय होतलो?"

"ह्या वर्साचा माका विचारू नको! आफ्रिका वाढतली, जपान म्हातारो होतलो, जगाचो वेग मंदावतलो. समाजला?"

कप्पाळ समजलं! जपान म्हातारा झाला तर माझी काजी चढणार की पडणार? तेवढ्यात आतून मालतीकाकी ओरडल्या, "न्हाणीतलो नळ गळता तो आधी बघा, मगे जपानाक जावा!"

देवाच्या कौलाची तर अण्णांना भयंकर चीड. मूर्तीला पाकळ्या लावून होकाराची उजवी पडते की नकाराची डावी, हे बघत बसणारे सगळे त्यांच्या लेखी अडाणी.

गेल्या आठवड्यात काकींना हृदयाच्या ऑपरेशनसाठी गोव्याला नेलं. लेक सोबत गेली. ऑपरेशन शनिवारी होतं. अण्णा शुक्रवारी दुपारच्या गाडीने जायचे होते, आणि सकाळी बघतो तर अण्णा देवळात, गुरवासमोर उभे! मी चक्रावलो. गुरवही चक्रावला, पण त्याने मुकाट्याने पाकळ्या लावल्या.

"काय विचारूचा आसा, अण्णांनू?"

अण्णांनी घसा खाकरला. "येत्या पन्नास वर्सांत..." सवयीने सुरू झाले आणि थांबले. मग हात जोडून म्हणाले, "नको. माका लांबचा काय नको. डॉक्टर धड काय सांगणत नाय. उद्या सांजपर्यंतचा तेवढा सांग. ती माका हाक मारतली काय?"

पाकळी काही हलेना. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्येची बायल सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

यावर जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. जमलेले म्हणजे आम्ही दोघंच. अण्णांचे ओठ हलले, आवाज फुटेना. मग मीच, दोघांच्या वाटचं, देऊळ दणाणेल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"