हुंगणारे गजभिये

गजभिये साहेबांपुढे पेढ्यांची बशी धरायला आमच्या लखनौच्या आलमबागमधल्या क्वार्टरांतल्या बायका कचरत. साहेब पेढा खात नसत, हुंगत. डोळे मिटून, छाती भरून वास घ्यायचे आणि पेढा होता तिथं ठेवून म्हणायचे, "झालं! नाकाला डायबेटिस नाही, वहिनी." आता तो पेढा पुढं द्यायचा कुणाला?

ह्यांच्याच ऑफिसातले, मूळचे नागपूरचे. शेजारच्या क्वार्टरात एकटे राहत. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून स्वतःच इन्सुलिन टोचून घेत. बायकोचं विचारलं की, "नागपूरला आहे," एवढंच. लखनौची अदब मात्र अशी अंगात भिनलेली, की वाटेत आडव्या आलेल्या बकरीलाही म्हणत, "जरा हटिए."

एका जूनमध्ये आम्ही तिघं मलिहाबादला एका आमराईत गेलो. जेवण तिथंच व्हायचं होतं, पण वाटेत बस बंद पडली आणि दुपार तिथंच झाली. साहेब सुई टोचून निघालेले, पण 'भूक लागली' असं तोंडानं म्हणणं त्यांच्या अदबीत कुठलं बसायला!

आमराईत पोचलो. बागवान सलाम करत पुढं आला, तर साहेब त्याच्या अंगावर खेकसले, "चल हट! बदमाश!"

 बकरीला 'हटिए' म्हणणारा हा माणूस! बागवान ह्यांच्या कानाशी लागला, "हुज़ूर ने पी रखी है क्या?"

तेवढ्यात साहेब झाडाला टेकून खाली बसले. शर्ट घामानं चिंब, बोटं थरथरत होती, नजर कुठंच ठरत नव्हती.

"ऊन लागलं," हे म्हणाले.

"ऊन नाही हो! सकाळपासून पोटात अन्न नाही. साखर उतरलीय!"

बागवानानं झोपडीतून गूळ आणला, मी तो लोटाभर पाण्यात कालवला. साहेबांनी तोंड फिरवलं. "विष! मला मारता?" लोटा अर्धा माझ्या लुगड्यावर सांडला. भीतीनंच मी ओरडले, "मुकाट्यानं प्या म्हणते ना!"

साहेब एकदम शांत झाले. माझ्याकडं बघून म्हणाले, "ओरडू नको, कुंदा. पितो."

आणि घोट घोट प्यायले. थोड्या वेळानं नजर ठिकाणावर आली. मग बागवानानं आणलेल्या पुऱ्या त्यांना खाऊ घातल्या. पुरते भानावर आल्यावर आधी त्यांनी बागवानाची हात जोडून माफी मागितली. मग हळूच मला विचारलं, "मी काही बोललो का, वहिनी?"

"मला 'कुंदा' म्हणालात. तुमच्या मंडळी ना? त्यांना नागपूरला तार करू का?"

साहेब म्हणाले, "कुंदा गेली. मी लखनौला यायच्या आधीच. सुई तीच द्यायची... नागपूरला आहे म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत."

ह्यांनी मान वळवली.  भिंतीला भिंत लागून राहत होतो आम्ही, इतकी वर्षं!

परतीच्या बसमध्ये साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे घरी झालं असतं, तर कुणाला कळलं असतं हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारावर थाप मारली. आत काही क्षण शांतता. मी पुन्हा थाप मारली.

मग आतून आवाज आला, जरासा कापरा, "आहे, वहिनी. आहे!"

त्यानंतर त्यांची बदली होईपर्यंत माझी एकही सकाळ त्या दारावर थाप मारल्यावाचून गेली नाही.