सौंसरच्या मैदानी टीव्हीची गाडी आणिली त्या मोहिमेची हकीकत

स्वस्ति श्री. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, संत्र्याचे ट्रक नागपुरास रवाना होत असता आणि कापसाच्या गाड्या वेशीपाशी दाटल्या असता, सौंसर कसब्यावर जो बाका प्रसंग गुदरला, आणि राजश्री यशवंतराव, कॉलेजाचे क्रीडाशिक्षक, यांनी त्यातून कसब्याची अब्रू कैसी राखिली, ती हकीकत यथास्थित लिहिली जाते. ऐकणारांनी चित्त देऊन ऐकावी; मध्येच चहास उठू नये.

प्रसंगाचे मूळ ऐसे. कॉलेजामागे फुटबॉलचे मैदान, जागा नगरपालिकेची. यशवंतरावांनी आपली उमेद त्या मैदानात घातली, स्वहस्ते दगड वेचिले, गोलाचे खांब रोविले, आणि बोरगाव-लोधीखेड्याकडील अनवाणी पोरांस बूट घालोन धावणे शिकविले. त्या मैदानावर नत्थूजी, कापसाचे थोर व्यापारी, यांची नजर गेली. गोदामासाठी ही जागा मिळावी ऐसा अर्ज त्यांनी नगरपालिकेत गुदरला, आणि मेंबर लोक अनुकूल जाहले. यशवंतराव दारोदार फिरले, तो जो तो म्हणे, तेथे काही खेळ होतो हे आम्हांस ठाऊकच नाही. हे ऐकोन यशवंतरावांचे काळजास घरे पडली.

इतक्यात नागपुराहून खबर आली, की टीव्हीच्या खेळांच्या कार्यक्रमात एका कॉलेजाचा फुटबॉल सामना दाखविणार. येत्या रविवारी सौंसरास छिंदवाडेकरांशी सामना, आणि तेच दिवशी पांढुर्ण्यास मुलताईकरांशी. गाडी एक आणि कॅमेरा एक, तेव्हा दोहोंपैकी एकच ठाणे निवडणे प्राप्त. यशवंतरावांनी मनी धरिले, की मैदान एकवार टीव्हीत दिसले, तर मग त्यास हात लावण्याची कोणाची छाती नाही.

निवड करणे हेमंतसाहेब म्हणोन टीव्हीचे अंमलदार, त्यांचे हाती. साहेबांची स्वारी जीपमधून पाहणीस निघाली ती प्रथम पांढुर्ण्यास गेली. तेथील कॉलेज-कमिटीचे मुख्य भैय्याजी, संत्र्याचे बागाईतदार, खर्चास हात आखडणारे नव्हेत. त्यांनी वेशीवर बँड उभा केला, श्रीखंड-पुरीचा सरंजाम केला, आणि मैदानाचे पश्चिमेस शामियाना ठोकोन आत मखमली सोफे मांडिले. साहेब जेवले आणि मग बोलले, की सामना दुपारचा, सूर्य पश्चिमेस उतरणार, तस्मात कॅमेरा पश्चिमेसच पाहिजे, सूर्य पाठीशी घेऊन. शामियाना पलीकडे न्यावा. त्यावर भैय्याजींनी फर्माविले, की तेथे प्रमुख पाहुणे बसणार, त्यांचे तोंडावर ऊन येणे कदापि मंजूर नाही. कॅमेऱ्याने ऊन सोसावे. साहेब आणखी एक पुरी घेते जाहले.

तेथून स्वारी सौंसरास आली. येथे ना बँड, ना सोफा. यशवंतरावांनी चहा दिला, तोही निवलेला होता. साहेबांनी मैदान न्याहाळिले आणि म्हणाले, "पश्चिम तर मोकळी आहे, मास्तर. पण उंची नाही. जमिनीवरून घेतलं तर नुसते पाय दिसतील. पुरुषभर उंच, न हलणारं काही उभं करा आणि शनिवारी फोन करा. नाहीतर आम्ही पांढुर्ण्याला जाऊ, उन्हात येईल तसं घेऊ."

मग यशवंतरावांनी बांबूचा मचाण बांधविला, तो वाऱ्यानेच डुले. मग वर्गातील टेबलांवर टेबले चढविली आणि परीक्षेकरिता स्वतः वर उभे राहिले, तो सर्व बुरूज ढासळोन यशवंतराव कोपर सोलून खाली आले. पोरे हसली नाहीत, हे त्यांस अधिक लागले. शुक्रवारी सायंकाळी खिन्न होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी विजयमालाबाई कोपरास हळद लावीत बोलल्या, "अवो, पश्चिमेच्या रस्त्यावर नत्थूजीचा ट्रक उभा हाय ना, गाठींनी भरलेला? तो काहून नाही मागत?"

"त्याले मागू? मैदान गिळाले बसला त्याले?"

"मंग काय करता? हळद लावून बसता?"

यशवंतराव रात्रभर कूस बदलीत राहिले आणि सकाळी कोट चढवोन शत्रूचे गादीवर गेले. नत्थूजी लोडास टेकोन बसले होते. हा मास्तर भांडावयास आला ऐसे समजोन त्यांनी आधीच भुवया चढविल्या. यशवंतराव शब्द न फिरविता म्हणाले, "नत्थूजी, उद्या दुपारी तुमचा ट्रक पाहिजे. मैदानाजवळ उभा करा लागते. टीव्हीवाले त्याच्यावर चढतीन."

"मास्तर, मी ते मैदान मांगून राहिलो, हे मालूम हाय ना तुम्हाले?"

"मालूम हाय जी."

"अन् तरी माह्याच ट्रकसाठी आले?"

"दुसरा ट्रक नाही गावात, सारे संत्रं घेऊन नागपूरले गेले. अन् पोरांनी सालभर घाम गाळला, तो एकदा तरी कोणी पाहावा असं वाटते."

नत्थूजींनी लोड बाजूस सारिला. मग हुकूम दिला, की ट्रक मिळेल, परंतु एक गाठही उतरणार नाही, आणि मालाची राखण म्हणोन आपण खासे वर बसू. यशवंतरावांनी शर्त मान्य करोन तडक पोस्टात जाऊन नागपुरास फोन लाविला.

रविवारी गाडी सौंसरास आली. पांढुर्ण्यास शामियान्यात भैय्याजी आणि पाहुणे सावलीत बैसले, ते टीव्हीविनाच बैसले. इकडे गाठींवर कॅमेरा चढला आणि त्याचे शेजारी नत्थूजी फेटा बांधोन आरूढ जाहले. त्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. प्रथम ते कॅमेरावाल्यास पुसत, की इतकी माणसे एकाच चेंडूपाठी काहून पळून राहिली. छिंदवाडेकरांनी लागोपाठ दोन गोल चढविले, तेव्हा नत्थूजींनी मांडी बदलली. पुढे सौंसरचा गुणवंता, संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या घरचा पोरगा, तिघांस चकवोन गोलापाशी भिडला, तो नत्थूजी गाठीवर ताडकन उभे राहिले आणि "मार, मार, गुणवंता, मार!" ऐशी आरोळी देऊन कॅमेरावाल्याचा दंड धरिते जाहले. चेंडू जाळ्यात गेला आणि कॅमेरा आभाळात गेला.

पुढील आठवड्यात कार्यक्रम लागला. सारे कसबे मिळेल त्या टीव्हीपुढे जमले. गुणवंता धावला, तिघांस चकविले, आणि मग पडद्यावर निळे आभाळ, एक घार, नत्थूजींच्या फेट्याचे टोक, आणि आरोळी मात्र अक्षरशः. यशवंतरावांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांनी पोरांचा गोल जगासमोर जावयाचा, तो घारीने नेला. परंतु भोवताली लोक असे काही हसले आणि ओरडले, आणि कुणी पुसले, "मास्तर, पुढचा सामना कवा हाय?", की ते डोळे उघडोन ती गर्दीच पाहू लागले, उत्तर विजयमालाबाईंनी दिले.

नगरपालिकेची बैठक भरली, तेव्हा नत्थूजींनी उठोन आपला अर्ज माघारी घेतला. मेंबर चकित जाहले. नत्थूजी म्हणाले, "गोदाम स्टेशनाकडे बी होते. गावातले लोक मले रस्त्यात थांबवून सांगतात, तुम्ही गोल केला म्हून. आता त्याच मैदानावर गोदाम बांधू, तं तोंड कुठं दाखवू?"

येणेप्रमाणे सौंसरकर सामना दोन विरुद्ध एक गोलांनी हरले आणि मोहीम फत्ते पावली. मैदान सरकारदप्तरी क्रीडांगण म्हणोन कायम जाहले. ट्रकाचे भाडे नत्थूजींनी घेतले नाही. मात्र पुढील सामन्यास गुणवंताने कोणीकडे मारावे, याविषयी यशवंतरावांस रोज दुकानी बोलावोन मसलत देऊ लागले, आणि ती मसलत यशवंतराव आजतागायत उभ्याने ऐकतात. लेखनसीमा.