वाद मुक्कामाला आला

टाळेबंदीच्या तिसाव्या दिवशी सकाळी भोरखेड्याच्या कोठी चौकातला सार्वजनिक वाद त्र्यंबकराव उपासनींच्या घरी राहायला आला. चौकात जमायला बंदी झाल्यापासून त्याची फार आबाळ चालली होती, म्हणून नगरपालिकेने चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी उपासनींची निघाली. सोबतच्या शिपायाने अंतर राखून कागद उंबऱ्यावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं : वाद, एक. ताप नाही, खोकला नाही. मुक्काम चौदा दिवस. पोचल्याची सही द्यावी.

त्र्यंबकरावांनी सही दिली. बत्तीस वर्षं भूमापन खात्यात राहून त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या होत्या. सरकारी कागद परत पाठवणं त्यांना जमणारं नव्हतं. वाद मध्यम उंचीचा, वयस्कर, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला होता. त्याने दारातच कोपरापर्यंत हात धुतले आणि कोणाची अडचण होणार नाही अशा बेताने मागच्या खोलीत आपली पिशवी ठेवली. प्लेगच्या साथीत तो एका तेलघाण्यावर राहिला होता म्हणे. तिथली माणसंही चांगली होती.

"जेवणाचं कसं करायचं?" त्र्यंबकरावांच्या पत्नीने, कुमुदताईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं. तिथे भर सकाळीसुद्धा दिवा लावावा लागे.

"जेवण नको, वहिनी. मला दोन बाजू लागतात. सकाळी आणि संध्याकाळी."

कोठी चौकात समोरासमोर दोन ओटे आहेत. एक बाजू पूर्वेच्या ओट्यावर बसते, दुसरी पश्चिमेच्या. समोर कोणीच बसायला आलं नाही, तर बोलणाऱ्यानेच उठून पलीकडे जायचं आणि जितका वेळ आपल्या बाजूने बोलला तितकाच वेळ विरुद्ध बाजूने बोलायचं, चालढकल न करता. ही भोरखेड्याची जुनी रीत. घरात ओटे नव्हते. म्हणून सोफा पूर्व आणि दिवाण पश्चिम असं ठरलं.

विषय शोधावा लागला नाही. गल्लीच्या तोंडाला एक आडवा बांबू बांधलेला होता. तो त्र्यंबकरावांनीच मोजून बांधला होता आणि त्यावरची पाटीही त्यांच्याच वळणदार अक्षरात होती : दवाखान्यातून येणाऱ्या कोणासही प्रवेश नाही. हुकमावरून, अध्यक्ष, गल्ली समिती. अध्यक्ष तेच होते. आणि त्यांची सून रेवती सरकारी दवाखान्यात नर्स होती.

पाटी लावली तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नव्हे. रेवती तेवीस दिवस दवाखान्याच्या आवारातच राहत होती, तिचा नवरा चंद्रपूरला अडकला होता, आणि चार वर्षांची ओवी आईची ओढणी गळ्यात घालून घरभर हिंडत होती. मग रेवतीची साथीच्या वॉर्डातली पाळी संपली, तपासणीही नीट आली. तिने फोन केला. मागच्या खोलीत सात दिवस वेगळी राहीन म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई," त्र्यंबकराव म्हणाले होते. "घरच्यासाठी वाकवला असं झालं तर लोक तोंडावर बोलतील."

"बरं बाबा," रेवती म्हणाली होती. त्या दिवसापासून त्र्यंबकराव जेवताना फक्त ताटाकडे बघत.

पहिल्या सकाळी ते सोफ्यावर बसले आणि बांबूच्या बाजूने बारा मिनिटं बोलले. दिवाण रिकामा होता. वादाने कुमुदताईंकडे पाहिलं.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "यांनाच विचारा." त्र्यंबकरावांनी उठून पलीकडे जायचं उद्यावर ढकललं.

संध्याकाळी वादाला गॅलरीत बसवलं. समोरच्या गॅलरीतून नेरकर गुरुजी म्हणाले, "उपासनी म्हणतात ते अगदी योग्य आहे." शेजारच्या गॅलरीने दुजोरा दिला. सबंध गल्लीत एकच बाजू होती आणि ती भरपूर होती. तीन दिवसांत वाद निम्मा झाला. त्र्यंबकरावांनी त्याला टीव्हीवरची चर्चा लावून दिली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला.

"हे मला पचत नाही," तो क्षीण आवाजात म्हणाला. "यात समोरचं कोणी ऐकतच नाही."

चौथ्या दिवशी त्याला उठवेना. आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर तपासणीला आल्या होत्या. त्यांनी त्याच्या बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन चांगला होता.

"अशक्तपणा आहे. घरात सगळे एकच बोलतात का?"

"घरात नाही, गल्लीत," कुमुदताई म्हणाल्या.

"मग याला विरोध द्या. आधी थोडा, पचेल एवढाच. नाहीतर मला वर कळवावं लागेल." आशाताईंनी एक अर्ज ठेवला. त्यात प्रकृती खालावण्याचं कारण आणि घरमालकाची सही, एवढंच भरायचं होतं.

त्र्यंबकरावांनी पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

"लिहा, विरुद्ध बाजू मिळाली नाही," वाद म्हणाला.

त्र्यंबकराव लिहायला वाकले आणि थांबले. आयुष्यात त्यांनी न मोजलेल्या हद्दीवर सही केली नव्हती. विरुद्ध बाजू मिळाली नाही असं लिहायचं, तर ती आधी शोधायला हवी होती. आणि दिवाणावर अजून कोणी बसूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी पेन बंद केलं, घड्याळ पाहिलं आणि पाच पावलं चालून ते दिवाणावर बसले.

"बांबू जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे," त्यांनी सुरुवात केली. "हवा वरून जाते, खालूनही जाते. दूधवाला रोज तीन गल्ल्या फिरून आत येतो. गॅसवाला येतो. त्यांची तपासणी झालेली नाही. जिची झाली आहे तेवढीच बाहेर आहे."

वादाने डोळे उघडले.

सातव्या मिनिटाला त्र्यंबकरावांची मापं संपली. पाच मिनिटं उरली होती आणि रीत मोडता येत नव्हती.

"मला मरायची भीती वाटते," ते म्हणाले. "रोज सकाळी उठल्यावर मी आधी वास येतो का ते बघतो. पण लोक काय म्हणतील याची भीती त्याहून मोठी आहे, आणि पाटी मी त्या भीतीने लावून ठेवली आहे. दवाखान्यात कोणी आजारी माणसाचा हात धरत असेल तर ती आमची रेवती आहे. मला तिचा अभिमान वाटतो. हे मी तिला सांगितलेलं नाही."

ओवी जमिनीवर बसून चित्र काढत होती. "आजोबा, आई बांबूखालून वाकून नाही का येऊ शकत?"

"येऊ शकते," त्र्यंबकराव म्हणाले. "पण तिने वाकून का यावं?"

वाद उठून बसला आणि त्याने पाठीला उशी मागितली. बारा मिनिटं झाली होती. "आता तुम्ही सोफ्यावर परत जाऊ शकता," तो म्हणाला. त्र्यंबकराव गेले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी गॅलरीतून जाहीर केलं की अध्यक्षांनी बाजू बदलली आहे. गल्ली एकदम जागी झाली. नेरकर गुरुजी तावातावाने म्हणाले, "माझ्या बायकोला साखर आहे, दमा आहे. तिला काही झालं तर तुम्ही काय मोजून देणार?" प्रश्न खरा होता. त्र्यंबकरावांनी तो आधी मान्य केला, मग उत्तर दिलं. वाद शाल पांघरून मध्ये बसला होता. त्याच्या गालांवर रंग आला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याला पोटभर मिळालं. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या समोर बोलायला कोणी उरलं नव्हतं, कारण त्र्यंबकरावांचा घसा बसला होता. गुरुजी रीतीचे पक्के. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची नेऊन ते विरुद्ध बाजूने बोलू लागले. बोलता बोलता ते त्र्यंबकरावांकडे वळले.

"सात दिवस झाल्यावर," त्यांनी हळूच विचारलं, "ती आमच्या हिची साखर बघून जाईल का?"

बांबू त्र्यंबकरावांनीच सोडला. रेवती दुपारी आली, गल्लीच्या मधून, ताठ चालत. गॅलऱ्यांत माणसं उभी होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण गुरुजींनी पाण्याची बाटली दोरीने खाली सोडली. वादाने मागची खोली रिकामी केली आणि तो बैठकीत आला.

खोलीच्या दारापासून सहा फुटांवर त्र्यंबकरावांनी खडूने वर्तुळ काढलं. ओवी त्यात बसून दाराशी गप्पा मारी. रोज ती वर्तुळ पुसून थोडं पुढे काढायची आणि रोज त्र्यंबकराव टेपने मोजून ते मागे न्यायचे. आठव्या दिवशी त्यांनी मोजलं नाही. दार उघडलं आणि रेवतीने ओवीला ओढणीसकट उचललं. वाद खिडकीबाहेर बघत होता.

चौदा दिवस उलटून गेले होते. शिपाई दुसऱ्या घराचा कागद घेऊन आला. वादाने पिशवी उचलली, सगळ्यांचे आभार मानले आणि चपला शोधू लागला. कुमुदताई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"जरा बसा," त्या म्हणाल्या. "माझं एक राहिलंय." आणि त्या दिवाणावर जाऊन बसल्या.

"विषय?" वादाने विचारलं.

"स्वयंपाकघराची खिडकी. यांनी एकतीस वर्षांपूर्वी बुजवली ती."

त्र्यंबकराव न सांगता सोफ्यावर बसले. शिपाई पायरीवर टेकला. कुमुदताई चाळीस मिनिटं बोलल्या, एकदाही न थांबता, आणि त्यांचा आवाज कुठेही चढला नाही. मग त्र्यंबकरावांची पाळी आली. त्यांनी थोडा विचार केला, उठून खुंटीवरचा टेप काढला आणि भिंतीचं माप घ्यायला आत गेले.

वादाने पिशवी खाली ठेवली आणि शिपायाला परवा यायला सांगितलं.