मांडी असलेली मोटार

तात्याशास्त्री मोटारीत बसले की आधी आसनमांडी घालायचे, डोळे मिटायचे आणि खणखणीत आवाजात घनपाठ सुरू करायचे. भक्तीबिक्ती काही नाही हो! गाडीची परीक्षा.

घनपाठ म्हणजे मंत्रातले शब्द पुढे-मागे, उलटसुलट गुंफत म्हणायचे. प्रत्येक अक्षराचा स्वर ठरलेला. वरचा तो वरच, खालचा तो खालीच. शास्त्रीबुवांचा स्वर हिवतापात दात वाजत असतानाही ढळला नव्हता, हे मी भिंतीपलीकडचा शेजारी म्हणून शपथेवर सांगतो. तेव्हा मोटारीत तो ढळला तर दोष मोटारीचा, असा त्यांचा सरळ हिशेब. गाडीने धक्का दिला आणि स्वर हलला की ते डोळे उघडून ड्रायव्हरला म्हणायचे, "रोको! इसको मांडी नहीं है!"

आता 'मांडी' हा आमचा घरातला शब्द. बनारसच्या ड्रायव्हरांना तो काय कळणार? पण शास्त्रीबुवांनी इतक्या गाड्या नापास केल्या, की दशाश्वमेधाजवळच्या अड्ड्यावर ड्रायव्हर एकमेकांना विचारू लागले, "का गुरू, तोहरी गाड़ी में मांडी बा?"

राज्य साहेबाचं होतं आणि मोटारी होत्या साहेबांच्या नाहीतर रईसांच्या. मुन्शी घाटाच्या मागल्या गल्लीत राहणाऱ्या वैदिकाला त्यात बसवतो कोण? पण नवी मोटार आली की पूजा आलीच, आणि पूजेला पंडित आला. शास्त्रीबुवा हळदकुंकू वाहून नारळ फोडायचे आणि म्हणायचे, "दक्षिणा नको. एक चक्कर मारून आणा." लोकांना वाटायचं, म्हातारा हौशी आहे. मलाही तसंच वाटायचं. मी त्यांना तोंडावर म्हटलंसुद्धा, "शास्त्रीबुवा, या वयात हे काय खूळ?"

"मास्तर, तुम्हाला गणित येतं, गाडी कळत नाही," असं म्हणून त्यांनी मला झटकलं.

चौकातल्या एका बाबूसाहेबांनी कलकत्त्याहून एक जंगी मोटार आणली. "पंडितजी, चालीस घोड़ों का जोर है!" बाबूसाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले.

"घोडे असतील हो," शास्त्रीबुवा म्हणाले, "मांडी आहे का?"

बाबूसाहेब हसले. शास्त्रीबुवांनी त्यांना तिथेच, नारळाची शेंडी हातात धरून, व्याख्यान दिलं. घोडा नुसता ओढतो. बसणारा बसतो तो चाकांवरच्या लोखंडी कमानींवर. खड्डा आला तर तो कमानीने गिळला पाहिजे, माणसाच्या मणक्याने नव्हे. आणि वळण आलं, समोर गाय आली, तर चाळीस घोडे काय कामाचे? तिथे गाडीने रस्ता धरून ठेवला पाहिजे आणि चाक फिरवलं तिकडे मुकाट्याने गेलं पाहिजे. "पळणारं पुष्कळ असतं, बाबूसाहेब. सांभाळणारं पाहिजे," असं म्हणून ते मागच्या गादीवर मांडी घालून बसले. शेजारी मला ओढलं.

सारनाथच्या रस्त्याला बाबूसाहेबांनी चाळीसही घोडे सोडले. अहाहा, काय तो वेग! माझी टोपी केव्हा गेली ते कळलं नाही. घनपाठ जोरात चाललेला. तेवढ्यात वळणावर म्हैस आली. बाबूसाहेबांनी चाक फिरवलं, गाडी मात्र आपल्याच तोऱ्यात सरळ निघाली आणि आम्हा सगळ्यांना घेऊन तुरीच्या शेतात शिरली. म्हैस जागची हललीसुद्धा नाही. कुणाला लागलं नाही, पण शास्त्रीबुवांची जीभ चावली गेली. पुढे कितीतरी दिवस ते पेज पीत होते आणि पाठ बंद होता. आमची गल्ली इतकी शांत झाली, की माझ्या बायकोला झोप येईना.

जीभ बरी झाल्यावर त्यांनी दुसरीच गाडी धरली. बंगाली टोला मोहल्ल्यातल्या एका डॉक्टरांची, जुनी, ठेंगणी. चढ आला की धापा टाकायची, सायकलवाले तिला मागे टाकून जायचे. पण तिच्यात घनपाठ जवळजवळ अखंड पार पडला! शास्त्रीबुवा इतके खूश झाले, की तिच्या ड्रायव्हरला, नन्हकूला, त्यांनी रस्त्यातच आशीर्वाद दिला. डॉक्टर भले गृहस्थ. रविवारी गाडी न्या म्हणाले.

मग काय विचारता! कमानीच्या पट्ट्यांमध्ये शास्त्रीबुवा स्वतःच्या हाताने एरंडेल सोडायचे. टायरमधली थोडी हवा काढवून घेतली. नन्हकूला ताकीद दिली, की माझा स्वर तुटला की गाडी थांबवायची, अलगद, आणि खाली उतरून बघायचं, कुठली कमान कुरकुरली. आणि मागे वजन असलं की कमान मऊ बसते हा शोध लागल्यावर त्यांना माझी आठवण झाली. मी तेव्हाही आतासारखाच भरदार होतो. दर रविवारी मला मागे बसवून ही वरात जौनपूरच्या रस्त्याला धूळ खात फिरायची. "मास्तर, डावीकडे सरका. मास्तर, श्वास जोरात घेऊ नका." मी काय गव्हाचं पोतं आहे?

एका रविवारी माझं डोकं फिरलं. आज दोन शब्द सुनावायचेच, असं ठरवून त्यांच्या घरी गेलो. शास्त्रीबुवा घाटावर गेले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्याच डिंक तळत बसल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि जे मनात होतं ते सगळं बोलून टाकलं.

काकूंनी कढई खाली उतरवली. "मास्तर, तुम्हाला आमच्या गोदूचं ठाऊक आहे ना?"

गोदू त्यांची एकुलती एक लेक. जावई जौनपूरकडच्या एका कसब्यात शाळामास्तर, तिथे रेल्वे जात नाही. गोदूचं पहिलं मूल गेलं हे मला ठाऊक होतं. कसं गेलं ते ठाऊक नव्हतं.

"बाळंतपणाला तिला आणायला हेच गेले होते," काकू म्हणाल्या. "सगळ्यात जलद घोड्याचा इक्का ह्यांनी निवडून काढला. मोठ्या कौतुकाने. काय घोडा, काय घोडा, म्हणून वाटभर वाखाणत होते. आणि मागे पोर कळवळत होती. बापापुढे बोलायला लाजली हो ती. घरी आली आणि चौथ्या दिवशी..." काकूंनी पदर तोंडाला लावला. "तेव्हापासून हे इक्क्यात बसले नाहीत. तिला पुन्हा दिवस राहिल्याची बातमीसुद्धा नव्हती, तेव्हापासून गाड्या शोधतायत. आता सातवा लागलाय. विहीणबाई म्हणतात, या वेळी सून माझ्या उंबऱ्याबाहेर पडायची नाही."

पुढच्या रविवारी मी न बोलावता गाडीत जाऊन बसलो, डावीकडे सरकून.

विहीणबाई मोठ्या खमक्या. गोदूला आणायला आम्ही गाडी घेऊन पोचलो, तर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "व्याहीबुवा, मागच्या खेपेला नेलीत आणि काय झालं? तुमचं वाहनही नको आणि माहेरपणही नको."

शास्त्रीबुवांनी वाद घातला नाही. नुसते हात जोडले. "मला काही विचारू नका, विहीणबाई. आधी तुम्ही बसून बघा. मग म्हणाल तसं."

विहीणबाई नाक मुरडत बसल्या. नन्हकूने गावाला वळसा घातला. गाडी परत आली तेव्हा विहीणबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. जाग आल्यावर त्यांनी पदर सावरला आणि सुनेला हाक मारली, "गोदू, शाल घे बरोबर. वारा लागेल."

निघालो. गोदू एका कडेला, मधे शास्त्रीबुवा, दुसऱ्या कडेला वजन म्हणून मी. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले नाहीत त्या दिवशी. रस्त्यावर नजर लावून घनपाठ म्हणत होते, अगदी हलक्या आवाजात. खड्डे येत होते, जात होते. बैलगाड्या चुकवताना नन्हकू चाक असा फिरवायचा, की पोटातलं पाणी हलू नये. गोदू पहिल्यांदा दांडा घट्ट धरून बसली होती. मग तिचा हात सैल पडला, मान बापाच्या खांद्यावर आली.

वरुणेचा पूल आला, काशी दिसू लागली, तेव्हा ती जागी झाली. डोळे चोळत म्हणाली, "बाबा, आपण अजून निघालो नाही का?"

आणि शास्त्रीबुवांचा स्वर तुटला.

नन्हकूने शिकवल्याप्रमाणे गाडी अलगद थांबवली. खाली उतरला, चारही चाकांजवळ वाकून कमानी बघून आला. "गुरुजी, स्वर टूटा था. कौन-सी कमानी बोली?"

शास्त्रीबुवा उपरण्यात तोंड घालून हमसत होते. शेवटी मीच म्हणालो, "कमानी ठीक है, नन्हकू. चलो. इसको मांडी है."

गोदूला पुढे मुलगी झाली. सुखरूप. पोरगी रडायचीसुद्धा आजोबांच्या वरच्या स्वरात, आणि माझ्या बायकोची झोप पुन्हा उडाली. पण त्या दिवशी गोदौलियाच्या चौकात पोचलो, तेव्हाचं मला विसरता येत नाही. पुढे गल्लीत मोटार जात नाही. काकू भाकरतुकडा ओवाळायला घेऊन तोंडाशी उभ्या होत्या. मी उतरलो, नन्हकू उतरला, शास्त्रीबुवा मात्र जागचे हलेनात. गोदूला पुन्हा डोळा लागला होता आणि तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"शास्त्रीबुवा, घर आलं," मी म्हणालो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "असू दे हो, मास्तर. झोपलीय ती."