एका तारेवरचा शेजार

जिथे तार एक आणि बोलणारी तोंडे अनेक, तिथे सद्भावनेवर विसंबून चालत नाही, नियम लागतो. एकदा नियम आला की सद्भावनेची गरजच उरत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

ब्रायला गावात डॅन्यूब नदीच्या वरच्या अंगाला जी चारमजली सिमेंटची इमारत आहे, तिच्या ब जिन्यावरच्या बिऱ्हाडांना हे फार आधीपासून ठाऊक होते. जुन्या राजवटीत दोन घरांत मिळून टेलिफोनची एक लाइन असे. चौथ्या मजल्यावरच्या वेतुरियाबाई आणि तळमजल्यावरची मिनोडोरा यांची लाइन एक होती. मिनोडोरा तुल्चा गावी राहणाऱ्या बहिणीशी काकडीच्या लोणच्यावर बोलू लागली, की वर वेतुरियाबाईंचा फोन मुका होई. त्या रिसीव्हर उचलत, ठेवत, पुन्हा उचलत. (नवऱ्याच्या छातीत दुखू लागले त्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन लागायला अंमळ उशीर झाला, कारण त्या वर्षी बाजारात लोणच्यात घालायचा शेपू आला नव्हता आणि विषय मोठा होता.) तरी वेतुरियाबाईंनी राग धरला नाही. लाइन एकच होती. त्यात मिनोडोराचा काय दोष!

पुढे राजवट गेली, कारखाना गेला, आणि कारखान्यातून मोकळे झालेले इंजिनियर चेझार यांनी जिन्याला इंटरनेट आणून दिले. एकच काळी तार खिडक्याखिडक्यांतून चढवत तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत नेली आणि प्रत्येक घराचा कॉम्प्युटर तिला जोडला. वेतुरियाबाईंकडेही एक होता. मुलगी ओटिलिया परदेशी, तोरिनोला, राहायला जाताना ठेवून गेली होती. त्यावर नातवाचे फोटो येत.

या पद्धतीला इथरनेट म्हणतात, आणि माणसाने आजवर काढलेल्या पद्धतींत तिच्याइतकी सभ्य पद्धत दुसरी नाही. तारेवर कुणी बोलत असेल तर गप्प बसायचे. तार शांत झाली की बोलायचे. दोघे एकदम बोलले तर टक्कर होते. मग दोघांनी थांबायचे, नशिबाने येईल तेवढा वेळ वाट पाहायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा टक्कर झाली तर वाट पाहण्याची मुदत दुपटीने वाढते. सोळा टकरा झाल्या की नाद सोडायचा. मजकूर पाकिटातून जातो. पाकिटावर घेणाऱ्याचा पत्ता आणि पाठवणाऱ्याचा. पाकीट पोचते मात्र सगळ्यांच्या घरी. प्रत्येकाने पत्ता पाहायचा, आपला नसेल तर टाकून द्यायचे. पाकीट वाटेत फाटले असेल तरीही टाकून द्यायचे, आणि कुणाला कळवायचे नाही. (ही शेवटची रीत जिन्यावर पूर्वापार होती, तारेने तिला फक्त वेग दिला.)

राहिली तारेची दोन टोके. तिथे एकेक पितळी टोपण. ते काही बोलत नाही, ऐकत नाही. टोकाला आलेला आवाज गिळायचा, एवढेच त्याचे काम. ते नसेल तर आवाज टोकावर आपटून माघारी येतो आणि सगळ्या जिन्याची वाचा बसते. खालचे टोपण मिनोडोराकडे होते, वरचे वेतुरियाबाईंच्या पलंगाच्या उशाशी.

"माझ्याच उशाशी का हो, चेझारभाऊ?" त्यांनी विचारले होते.

"तार कुठेतरी संपायला हवी ना, मावशी? तुमच्यापुढे फक्त छप्पर आहे."

छप्पर आहे, असे म्हणायला कागदोपत्री पुष्कळ आधार होता. प्रत्यक्षात सप्टेंबरपासून ते पलंगावर गळत होते. वर डांबर ओतायला हवे होते, पण छप्पर सगळ्यांचे, म्हणून सभेचा ठराव हवा. थंडीच्या आत डांबर पडले नाही तर वेतुरियाबाईंना ओटिलियाकडे जाऊन तिच्या स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर निजावे लागणार होते, आणि एकदा गेलेली म्हातारी परत येत नाही हे त्यांनी अ जिन्यावर पाहिले होते. ओटिलियाला त्या लिहीत, "सगळं कोरडं आणि छान आहे."

सभा पत्रपेट्यांपाशी भरत, ज्याने त्याने आपापले स्टूल आणायचे. पूर्वी तिथे नुसता कल्ला असे. व्यवस्थापक निकानोरसाहेब त्याला विटले होते. तेव्हा चेझार म्हणाले, "तारेवर अख्खा जिना बोलतो, एक भांडण नाही. आपण माणसं असून का भांडतो?" प्रश्न बिनतोड होता. तारेचे नियम सभेला लागू झाले. थांबायची मुदत ठरवायला निकानोरसाहेबांनी घरच्या पटातले फासे आणले: पहिल्या टकरीला एक फासा टाकायचा आणि पडतील तितके श्वास थांबायचे, दुसरीला दोन फासे, तिसरीला चार, पुढे आठ. जो बोलून मोकळा झाला त्याची पाटी कोरी. तो पुन्हा एका फाशापासून.

"छपराचं..." वेतुरियाबाई म्हणाल्या.

"गालिचे..." मिनोडोरा म्हणाली.

"टक्कर!" निकानोरसाहेबांनी पुकारले. ते आनंदात होते.

मिनोडोराला दोन पडले, वेतुरियाबाईंना पाच. मिनोडोराने गॅलरीतून गालिचे झटकण्याविरुद्ध भाषण केले, ते संपवले, श्वास घेतला, आणि त्याच क्षणी तिला दुसऱ्या मजल्याच्या कुत्र्याची आठवण झाली. पुन्हा टक्कर. तिच्या हातात एक फासा, वेतुरियाबाईंच्या हातात दोन. मग एक आणि चार. मग एक आणि आठ. नियम दोघींना अगदी सारखा होता. जी बोलली तिला पुन्हा बोलणे सोपे होत गेले, आणि जी थांबली तिला आणखी थांबणे.

"अगं मिनोडोरा, मला एकदा..."

"मध्ये बोलू नका वेतुरियाताई, मोजत राहा. माझ्यामुळे तुमचे श्वास चुकायचे!"

सोळाव्या टकरीला निकानोरसाहेब उभे राहिले. "बाई, आता तुमचा मजकूर पाठवण्याजोगा नाही, असं धरावं लागतं. मनाला लावून घेऊ नका."

"पण मी अजून एक वाक्य बोललेले नाही."

"तेच तर! कुणी ओरडलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. जुन्या सभा आठवा जरा."

वेतुरियाबाईंनी आठवल्या. एकदा त्यांनी शिरा ताणून गरम पाणी मिळवले होते. एकदा निकानोरसाहेबांच्या अंगावर स्टूल उगारून जिन्याला दिवा लावून घेतला होता. केवढे ते रानटी दिवस!

चेझार हळहळले. जिना चढताना म्हणाले, "मावशी, तारेवरून लिहा. एक खास पत्ता आहे, सगळ्यांचा. त्यावर आलेलं पाकीट कुणाला टाकता येत नाही. उघडावंच लागतं."

वेतुरियाबाईंनी लिहिले: "माझ्या पलंगावर पाणी गळते. छपराला डांबर हवे." पाकीट प्रत्येक घरी पोचले आणि प्रत्येक घरी उघडले गेले. पद्धतीत खोट काढायला जागाच नव्हती.

"वाचलं हं, मावशी," दुसऱ्या दिवशी जिन्यात जो तो थांबून सांगू लागला. "गलबलून आलं. पण सगळ्यांनाच पाठवलंयत ना? मग बघेलच कुणीतरी."

ज्या पाकिटावर सगळ्यांचे नाव, त्यावर आपले नाव नाही, हे शोधून काढायला यंत्रे अजून शिकायची आहेत.

नोव्हेंबरच्या पावसात पाणी पलंगावरून सरकून पितळी टोपणात शिरले, आणि जिना मुका झाला. अर्ध्या तासात ज्याला पाय होते तो वर आला. वेतुरियाबाईंच्या खोलीत इतकी माणसे नवरा गेला त्या दिवशीही जमली नव्हती. त्यांनी घाईघाईने चहाचे आधण ठेवले.

"अरे देवा! हे असं किती दिवस भिजतंय?" मिनोडोराने गालावर हात मारला.

"सप्टेंबरपासून," वेतुरियाबाई म्हणाल्या. डोळे भरून आले त्यांचे.

"आणि तुम्ही बोलला नाहीत!"

चेझारनी टोपण पुसले, वाळवले, प्लास्टिकमध्ये गुंडाळले. निकानोरसाहेबांनी स्वतःची काळी छत्री उघडून त्यावर बांधली, आणि दांडा नीट बसेना म्हणून पलंग थोडा बाजूला ओढला. तो ओढला तिथे धार मोठी होती. खालून कुणीतरी ओरडले, "आलं, आलं!" आणि खोली रिकामी झाली. चहाचे पाणी उकळत राहिले.

डिसेंबरात वेतुरियाबाई तोरिनोला गेल्या. किल्ली मिनोडोराकडे दिली, टोपणाकडे लक्ष ठेवायला. छत्रीचा काही भरवसा नाही, असे मिनोडोराने सभेत सांगताच पहिल्या कोरड्या आठवड्यात छपरावर डांबर ओतायचा ठराव एकमताने झाला. एकही टक्कर झाली नाही. खोली आता खडखडीत कोरडी आहे, आणि टोपण सुखात आहे.

ही हकिकतही त्या सगळ्यांच्या पत्त्यावरच पाठवली आहे. तुम्ही ती उघडलीत, शेवटपर्यंत वाचलीत, मिनोडोराला नावे ठेवलीत. पद्धतीप्रमाणे तुमचे काम पूर्ण झाले. आता फक्त एवढे सांगा, तुमच्या वरच्या मजल्यावर कोण राहते?